भाड्याने चाललो, मालकीने नाही

जव्हार फार निवांत गाव आहे असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही तापतं. थंड हवा, गोड बोलणारी माणसं, दुपारी बंद होणारी दुकानं, संध्याकाळी कड्यावर बसून सूर्य बुडताना बघायचा. सगळं खरं आहे. मीही त्या कड्यावर बसलोय. पण त्या गावात घर विकत घ्यायला निघालेल्या माझ्यासारख्या माणसाला काय ऐकावं लागलं, ते मी कधी नीट सांगितलं नाही. लोक म्हणतात, जुनं आहे, सोडून द्या. मी सोडलेलं नाही.

मी दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा. नदीकाठी भाताची दोन खाचरं आणि वर उतारावर नागली, एवढीच आमची शेती. पाऊस सरला की घरातली मोठी माणसं विळे घेऊन खाली समुद्राकडे गवत कापायला जायची आणि शिमग्याला परत यायची. मी शिकलो, सातवीची फायनल पास झालो आणि खोडाळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या पाड्यात तोवर कुणी खुर्चीवर बसून पगार घेतलेला नव्हता.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी खोडाळ्यालाच होतो. बाजारात दोन-चार शहाणी माणसं हळहळत होती. मी पाड्यावर गेलो आणि बाबांना सांगितलं, "आता राज्य गेलं. मुंबईचं सरकार आलं. आता सगळे सारखे."

बाबा नागलीच्या पेंढ्या रचत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब आला की ओझी न्यायला बोलवतील का?"

"नाही बोलवणार."

"मग बरा झाला," ते म्हणाले आणि पुन्हा पेंढ्या रचायला लागले.

मी मात्र 'सगळे सारखे' हे शब्द खरे धरले. तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. पुढचं सगळं त्या भाबडेपणापायी झालं असं मला कधी कधी वाटतं. मग वाटतं, भाबडेपणा कसला? जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

विलीनीकरणानंतर दुसऱ्या वर्षी माझी बदली जव्हारला झाली. गाव तेव्हा रिकामं होत होतं. संस्थानच्या कचेऱ्या बंद झाल्या होत्या. कुणी ठाण्याला गेलं, कुणी मुलाकडे, कुणी पेन्शन घेऊन देशावर. चांगल्या चांगल्या घरांना कुलपं लागली होती. मला वाटलं, एवढी घरं रिकामी आहेत, एखादं तर मिळेलच.

मिळालं. दफ्तरखान्यात कारकून असलेल्या एका गृहस्थांचं घर होतं. मुलगा नाशकात नोकरीला, दोघं नवरा-बायको तिकडे निघालेले. मी त्यांना काका म्हणायचो. घर मोठं नव्हतं. पुढे ओसरी, मग दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि परसात शेजाऱ्यांबरोबर सामाईक विहीर. काकांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही काय खाता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "भात, नागलीची भाकरी," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे… सुकट वगैरे?"

"खातो."

"बाहेर काय खायचं ते खा. पण घरात भाजू नका. वास जात नाही हो भिंतीतून."

मी कबूल केलं. चार वर्षं माझ्या बायकोने त्या घरात सुकट भाजली नाही. मुलीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा तिला दुसरं काही गोड लागेना. शेवटी जीपमधून हाडं खिळखिळी करून घेत ती माझ्या बहिणीकडे पाड्यावर गेली, सुकट खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. सातव्या महिन्यात. मी मात्र शब्द दिला होता ना, म्हणून गप्प. त्या शब्दाची मला आज लाज वाटते.

माझी बायको खोडाळ्याकडच्या पाड्यावरची. शाळेत कधी गेली नाही. डोळ्यांत बघून बोलायची आणि मला 'तू' म्हणायची. आमच्याकडे सगळ्याच बायका तसंच बोलतात. जव्हारातल्या शेजारणींना त्याचं फार हसू यायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं. ती गेली की तिला उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पण इतर बायकांपासून हातभर लांब पाट असायचा. कुणी काही वाईट बोललं नाही. सगळ्या हसून बोलायच्या. तिसऱ्या वर्षी तिने जाणं बंद केलं. मी म्हणालो, "बरं दिसत नाही." ती म्हणाली, "तू जा मग."

आता घराबद्दल सांगतो. काका नाशकाला गेले तेव्हा घराची दशा वाईट होती. मागच्या दाराची चौकट वाळवीने खाल्लेली, स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट घुसेल एवढी भेग. जव्हारचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. चार महिने घर धड ठेवायचं तर आधी दोन महिने राबावं लागतं. दर वैशाखात बाबा पाड्यावरून यायचे आणि आम्ही दोघं छपरावर चढून कौलं चाळायचो. फुटकी काढायची, नवी बसवायची, वाशांवरचा पालापाचोळा झाडायचा. चौकट बाबांनीच सागाची करून बसवली. बायकोने भिंतीची भेग लिंपली, अंगण चोपलं, परसात लिंबू लावलं. लिंबाला तिसऱ्या वर्षी फळ आलं.

काका वर्षातून एकदा यायचे. अंगणात उभे राहून सगळीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मी असताना घर असं नव्हतं हो." मग खांद्यावर हात ठेवून, "विकीन तेव्हा तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला नाही. हे घर तुमचंच समजा." पोस्टकार्डातही ते हेच लिहायचे. मी ती कार्डं देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर ते आले आणि म्हणाले, "मास्तर, आता वेळ आली. नाशकात जागा बघितलीय. घर घेताय ना?"

बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिनेच सांगितलं, "घेतो." काका हसले. किंमत ठरली. शिमगा झाला की कागद करायचा, असंही ठरलं. त्यांनी मला मिठी मारली. खरंच मारली. आमच्याकडे त्या दिवशी ते चहा प्यायले, पण बायकोने पुढे केलेली भाकरी मात्र "पोट भरलंय" म्हणून त्यांनी घेतली नाही. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. नंतर दिसलं.

बाबांनी बैलजोडीतला एक बैल विकला. बायकोने गळ्यातली चांदी काढून दिली. माझे चार वर्षांचे साठवलेले पैसे होते. सगळं जमलं. मी आईला घेऊन आलो.

आई तोवर जव्हारला फक्त बाजारापुरती यायची. ती घरभर फिरली, भिंतींना हात लावला, विहिरीत डोकावली. मग ओसरीवर बसून तिने मला विचारलं, "या आपला घर?"

"होणार आहे. शिमग्यानंतर."

"मना हितून कोन उठवनार नाय?"

"कोण उठवेल?"

ती पंधरा दिवस राहिली. रोज सकाळी ओसरीवर बसायची. सुपात नागली पाखडायची आणि रस्त्याने जाणाऱ्याला ओळख असो नसो, हाक मारायची. बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसं आली की तिच्यापाशी थांबायची. बायका डोक्यावरची ओझी उतरवायच्या, पाणी प्यायच्या, घटकाभर बसायच्या. कुणी कंदमुळं ठेवून जायचं, कुणी मध. आईचा चेहरा मी एवढा सुखी कधी पाहिला नव्हता. गवत कापायला समुद्राकडे जायची तेव्हा ती तीन तीन महिने झाडाखाली निजलेली बाई होती. आता तिच्या पाठीला भिंत होती.

पंधरवडा संपला, आई पाड्यावर परतली, आणि त्याच आठवड्यात उजवीकडचे शेजारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले. संस्थानच्या वेळी ते कोठीवर, म्हणजे सरकारी कोठारावर होते. वयाने मोठे, बोलायला मऊ. चार वर्षांत ते मला एक वाकडा शब्द बोलले नव्हते. त्यांच्या मुलीला मी फुकट गणित शिकवलं होतं.

"मास्तर, घर घेताय असं कानावर आलं."

"हो. काकांनी शब्द दिलाय."

"छान. आनंद आहे. एक विचारू? राग मानू नका."

राग मानू नका असं कुणी म्हणालं की मी आता तिथूनच उठतो. तेव्हा उठलो नाही. म्हणालो, "विचारा ना."

"तुम्हाला इथे करमेल का? म्हणजे, कायमचं?"

"चार वर्षं करमतंय की."

"ते भाड्याचं झालं हो. भाडेकरू आज आहे, उद्या नाही. मालकीचं वेगळं. तुम्ही शिकलेले, तुमचं काही नाही. पण माणूस घर घेतो म्हणजे एकटा घेत नाही. बाजाराच्या दिवशी तुमची मंडळी येणार, ओझी टाकणार, बसणार. आमच्या घरात लेकीसुना…"

"माझी माणसं आताही येतात."

"हो ना," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

मी काय बोललो? बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालो, "चहा घेणार का?" ते नको म्हणाले. जाता जाता त्यांनी लिंबाकडे बघितलं आणि विचारलं, "दोन घेऊ का?" मी तोडून दिले. चार दिले.

बायकोला रात्रीच्या जेवणाच्या वेळी हे सांगितलं. तिने फक्त विचारलं, "लिंबू का दिले?"

मी काकांना पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. शिमगा आला. आम्ही पाड्यावर गेलो, बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोराने जव्हारात घर घेतलं. होळीभोवती माणसं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होती. मी मान डोलवत होतो आणि आत कुठेतरी कळत होतं की काहीतरी बिघडलंय.

पाडवा झाला आणि एका सकाळी काका आले. बरोबर एक माणूस होता. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. दोघं अंगणात उभे राहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "मास्तर, हे डहाणूकडचे शेठ. जरा घर दाखवा बरं त्यांना."

मला वाटलं कुणी पाहुणे आहेत. मी मूर्खासारखं घर दाखवलं. ही चौकट नवी आहे, हा वासा बदललाय, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं. शेठ खूश झाले. म्हणाले, "आमच्या गावाला समुद्र आहे, सगळं आहे. दार उघडलं की वाळू. पण मे महिन्यात काय घाम येतो म्हणून सांगू! बायकोला सोसत नाही. इथे हवा काय सुंदर आहे. वर्षातून महिनाभर येऊन पडायला फर्स्टक्लास."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी काकांकडे वळलो. "काका, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं मास्तर. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग?"

"शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मन मोडवत नाही हो. जन्म गेला त्यांच्यात."

"पण तुम्ही तर नाशकात राहता. इथे आम्ही राहतो."

"तुम्ही समजून घ्या. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार! हा शब्द आम्हालाच कसा येतो वाट्याला? शेजाऱ्याला कुणी म्हणालं नाही की तुम्ही समजून घ्या. शेठला कुणी म्हणालं नाही. काकांनी स्वतःच्या मनाला सांगितलं नाही. समजून मीच घ्यायचं, कारण मी शिकलो. आणि शिकलो नसतो तर ओसरीपर्यंतही पोचलो नसतो.

शेठला हे काहीच माहीत नव्हतं असं दिसलं. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही मूळचे कुठले?"

"दाभोशाकडचा."

"म्हणजे इथलेच, डोंगरातले? अरे वा. तुमच्याकडची माणसं येतात ना आमच्याकडे गवताला. दरसाल. चांगली माणसं, एकदम साधी." आणि पुढच्याच वाक्याला ते तुम्हीवरून तूवर आले. "मग असं कर ना. तू घर सोडू नकोस. मागच्या खोलीत राहा. भाडं नको देऊस. आम्ही नसताना झाडलोट करायची, पावसाआधी कौलं चाळून घ्यायची. आम्ही येऊ तेव्हा पुढच्या खोल्या उघडून ठेवायच्या. विश्वासाचा माणूस पाहिजेच होता मला."

काका घाईघाईने म्हणाले, "बघा मास्तर! तुमचीही सोय झाली."

इथे मला जे सांगायचंय ते सांगताना अजून जड जातं. मी नाही म्हणालो नाही. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही. हातात टोपी घेऊन उभा होतो आणि म्हणालो, "विचार करून सांगतो." माझ्या तोंडून हे गेलं. पगारी मास्तर, मुलांना स्वाभिमानाचे धडे शिकवणारा, आणि मी स्वतःच्या हाताने धड केलेल्या घराचा राखणदार व्हायचा 'विचार' करणार होतो.

बायको मुलीला कडेवर घेऊन दारात आली. शेठकडे बघून तिने सरळ विचारलं, "आमची चांदी तुज्या घरात झाडू मारायला मोडली का?"

शेठ गोंधळले. काका म्हणाले, "वहिनी, असं नका बोलू."

"मी तुजी वहिनी नाय," ती म्हणाली. "भाकरी दिली तर घेतली नाय तू. आमी उद्या जातो."

मग ती माझ्याकडे वळली. त्या नजरेला मी आयुष्यभर भ्यालो. "आनि तू विचार कर. मी पोरीला घेऊन जाते."

मी विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधलं. दोन ट्रंका, भांडी, जातं, मुलीचा पाळणा. गल्लीतली सगळी दारं अर्धी उघडी होती. कोठीवाले शेजारी पुढे आले आणि म्हणाले, "अरे, इतकी घाई कशाला? महिनाभर राहिला असता." बायको लिंबाच्या झाडापाशी गेली, होती नव्हती तेवढी सगळी फळं तोडून तिने पदरात घेतली. हिरवीसुद्धा. एक ठेवलं नाही.

शाळेच्या मागे एका पडवीत आम्ही पावसाळा काढला. बाबांना मी सगळं सांगितलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बैल परत नाय मिळायचा." एवढंच. त्या वर्षी खाचरं त्यांनी दुसऱ्याचा बैल मागून केली. आई जव्हारच्या बाजाराला यायची थांबली. कुणी विचारलं तर सांगायची, गुडघे दुखतात. गुडघे दुखत नव्हते.

जागा मिळाली ती दिवाळीनंतर, आणि मी शोधली नव्हती. बायकोने शोधली. गावाच्या खालच्या अंगाला, जिथे रस्ता उतरायला लागतो, तिथे कुंभारवाड्याच्या टोकाला एक म्हातारी कुंभारीण एकटी राहायची. बायको तिच्याकडून मडकी घ्यायची. बोलता बोलता म्हातारी म्हणाली, भट्टीखालचा तुकडा पडून आहे, देऊन टाकते. मी भेटायला गेलो तेव्हा मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. कुठला, काय खातो, कोण येतं-जातं. कुणी राग मानू नका म्हणालं तर काय बोलायचं ते मी वाटेत चार वेळा घोकलं होतं.

म्हातारीने मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "माती चिकट आहे बघ. पावसात पाय घसरतो. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

"मग घे."

त्या घरासाठी जमवलेल्या पैशांतूनच कागद झाला. माझ्या सहीखाली म्हाताऱ्या कुंभारणीचा अंगठा. त्या कागदावर काय लिहिलंय ते बायकोने मला तीन वेळा वाचायला लावलं. चतुःसीमा ऐकताना ती मान हलवत होती. पूर्वेला भट्टी, पश्चिमेला ओहळ.

घर बांधायला पाड्यावरून माणसं आली. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा गिलावा, सागाचे खांब. बायका गाणी म्हणत माती तुडवत होत्या. वर गावातून संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी रस्त्यावर थांबून बघायची. बघू देत, मला वाटलं. पहिल्या दिवशी बायकोने चूल पेटवली आणि सगळ्यांत आधी सुकट भाजली. ढीगभर भाजली. वास वरच्या रस्त्यापर्यंत गेला असणार. मी तिला काही म्हणालो नाही. मीही पोटभर खाल्ली.

इथे गोष्ट संपली असती तर माझा राग कदाचित निवला असता. पण संपली नाही.

शेठ पहिल्या वर्षी मे महिन्यात आले, बायकोमुलांसह. तीन आठवडे राहिले. दुसऱ्या वर्षी आठ दिवस. तिसऱ्या वर्षी आलेच नाहीत. कुणी म्हणालं, महाबळेश्वरला जातात आता. घर कुलपात. कौलं चाळायला कुणी नाही. जव्हारच्या पावसाला ते पुरतं. चौथ्या पावसाळ्यात छपराच्या मधोमध भगदाड पडलं आणि सगळं पाणी उजवीकडे, कोठीवाल्या शेजाऱ्यांच्या भिंतीत मुरायला लागलं.

श्रावणातल्या एका दुपारी शाळा सुटली आणि ते मला बाजारपेठेत भेटले. छत्री एका हातात, दुसरा माझ्या खांद्यावर.

"मास्तर, बरं झालं भेटलात. त्या घराचं काय करायचं हो? आमची भिंत पार भिजली. शेठला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुमची माणसं जरा पाठवता का? कौलं चाळून देतील. तुम्हाला त्या छपराची सगळी माहिती आहे."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. आजूबाजूला किराणा दुकानदार, दोन-तीन गिऱ्हाइकं, एसटीची वाट बघणारी माणसं होती. मी एवढ्या मोठ्याने बोललो की शाळेतल्या चौथीच्या वर्गावरही मी कधी तसं ओरडलो नव्हतो.

"माझी माणसं ओसरीवर बसली तर तुमच्या लेकीसुनांना त्रास होतो! छपरावर चढलेली चालतात का? वर चढली तर आतलं सगळं दिसेल तुमचं! दिसू द्यायचंय का?"

ते मागे सरकले. "अहो, मास्तर…"

"माझी आई त्या ओसरीवर पंधरा दिवस बसली होती. पंधरा दिवस! तेवढे तुम्हाला जड गेले. आता बसा त्या भिंतीपाशी, पाणी पुसत. चार वर्षं पुसा!"

"एवढं काय मनाला लावून घेता? त्याला किती वर्षं झाली."

"तुम्हाला वर्षं झाली. मला नाही झाली."

दुकानदार मध्ये पडला, जाऊ द्या म्हणाला. मी अजूनही बरंच बोललो. काय काय, ते सगळं आठवत नाही. शब्द सुटले होते, त्यातले अर्धे आमच्या पाड्यावरच्या बोलीतले, जी मी शाळेत लागल्यापासून गावात कधी बोललो नव्हतो. ऐकणाऱ्यांना किती कळलं कुणास ठाऊक. शेजाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हातारा माणूस. पावसात उभा. मला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती का, हा प्रश्न मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारला, आणि दर वेळी उत्तर एकच आलं.

मी घरी आलो. बायको दारात तांदूळ निवडत होती. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"वरडलास म्हनं बाजारात."

"हो."

"किती मोठ्याने?"

"बरंच."

तिने तांदळातला खडा काढून अंगणात भिरकावला. "चार साल उशीर केलास," ती म्हणाली. आणि मग बऱ्याच वर्षांनी, म्हणजे ते घर सोडल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे बघून हसली.

शाळेत तक्रार गेली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली, शिक्षकाने रस्त्यात तोल सोडू नये वगैरे. मी ऐकून घेतलं. माफीचं पत्र लिहा म्हणाले, ते मात्र लिहिलं नाही. दोन महिने त्यावरून कुरबुर चालली, मग विषय मागे पडला. ती भिंत शेजाऱ्यांनी गवंडी बोलावून, स्वतः पैसे घालून दुरुस्त केली. त्यांनी माझ्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं. नंतर हळूहळू नमस्कार सुरू झाला. मीही नमस्कार करायचो. मात्र त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी पुन्हा पाय ठेवला नाही, ते गेले तेव्हासुद्धा बाहेरच उभा राहिलो. लोकांना ते खटकलं. खटकू द्या.

आई नव्या घरी यायला तयार झाली ती फार उशिरा, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. पहिल्या दिवशी ती आत न येता अंगणातच उभी राहिली आणि मला विचारलं, "कागद हाय?"

मी ट्रंकेतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटा धरला, सरळ धरला, कुंभारणीच्या अंगठ्यावर बोट फिरवलं, आणि मग आत येऊन भिंतीला पाठ लावून बसली.